बीएएसएलपीला प्रवेश घेताय आणि मान्यता 'प्रक्रियेत' आहे? आधी हे वाचा

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. मुलीला स्पीच थेरपिस्ट व्हायचंय, त्यासाठी बीएएसएलपी म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचाराची पदवी घ्यायची आहे, आणि कॉलेज म्हणतंय, "आरसीआयची मान्यता प्रक्रियेत आहे, तोवर फी भरून सीट पक्की करा." अगदी असंच उत्तर आमच्या बॅचला शेवटपर्यंत मिळत होतं. आरसीआय म्हणजे दिल्लीची भारतीय पुनर्वास परिषद, या कोर्सना मान्यता आणि थेरपिस्टना नोंदणी तीच देते. चार वर्षांचा कोर्स, शेवटी इंटर्नशिप वगैरे तुम्ही शोधलंच असेल, त्यात जात नाही.

मान्यता कॉलेजला एकदाच आणि कायमची मिळत नाही. ती ठरावीक कोर्सला, ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक जागांपुरती असते. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज करावा लागतो. आमचे प्रवेश झाले तेव्हा सगळं रीतसर होतं, मान्यतेचं पत्र आम्ही पाहिलं होतं. मध्येच मुदत संपली आणि कॉलेजच्या कार्यालयाने मुदतवाढीचे कागद वेळेत पाठवलेच नाहीत. खिडकीवर विचारलं की एकच उत्तर, "दिल्लीहून पत्र येतंय." आमची फाइल त्याच टेबलावर, हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली पडून होती.

पदवी हातात आली, पण आरसीआयचा नोंदणी क्रमांक नाही. तो नसताना थेरपी देणं आरसीआयच्या 1992 च्या कायद्याने गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. एका हॉस्पिटलने माझी निवड केली होती. त्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरी मुलगी घेतली. हे सांगायला कॉलेजच्या कार्यालयात गेले तर तिथले बाबू म्हणाले, "डिग्री मिळाली ना, आणखी काय पाहिजे?" आजही आठवलं की संताप होतो. शेवटी सगळ्यांचे पालक एकत्र जाऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसले, तेव्हा कुठे कागद हलले.

म्हणून माझं स्पष्ट मत, पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. पत्रावर कोर्सचं नाव, शैक्षणिक वर्षं आणि जागा वाचा, आणि आरसीआयच्या वेबसाइटवरच्या यादीशी ताडून पाहा. मुदत तिच्या कोर्सच्या मधेच संपत असेल तर मुदतवाढीचा अर्ज कधी करणार, हे लेखी मागा. "कॉपी देता येत नाही" म्हणाले तर उठून या. वर्ष वाया गेलेलं परवडतं. इथे काहींना हे टोकाचं वाटेल, वाटू दे. नियम बदलत असतात, मी काही वकील नाही, तेव्हा आरसीआयला ईमेल करून खात्री करा.

वर एकांनी "ऑनलाइन सर्टिफिकेट कर आणि क्लिनिक टाक" असं सुचवलंय. कृपया नको. डीएचएलएस हा श्रवण, भाषा आणि वाचेचा एका वर्षाचा डिप्लोमा खरा आहे, पण तो सहायकांसाठी. गिळण्याचा त्रास बघणं हेही स्पीच थेरपिस्टचंच काम. काही आठवड्यांच्या सर्टिफिकेटवर कुणी अर्धांगवायू झालेल्या माणसाला गिळायला शिकवायला बसलं आणि घास श्वासनलिकेत गेला, तर न्यूमोनिया होतो, जीवही जाऊ शकतो.

मुंबईत राहायची सोय होत असेल तर नायर हॉस्पिटलचं कॉलेज आणि वांद्र्याची 1983 पासूनची अली यावर जंग संस्था आधी बघा. फी खासगीच्या मानाने कमी, आणि पेशंट भरपूर. खासगीत जायचंच झालं तर इमारत बघू नका, सकाळी ओपीडीत जाऊन बसा. बाकावर मुलं, आया, आजोबा दिसले नाहीत तर मुलगी शिकणार कुणावर?

आणखी एक, तिला आतापासूनच लहान मुलांचं मराठी कान देऊन ऐकायला सांगा. 'चहा' आणि 'चमचा' यांतले दोन वेगळे च, 'बाळ'चं 'बाल' करणारं पोर, हे तिला रोज लागणार आहे आणि मराठीतलं तयार साहित्य फार थोडं आहे. मी अजून चित्रांची कार्डं स्वतःच काढते.

पत्र मिळालं तर कॉलेजचं नाव झाकून फोटो टाका, मुदत कशी वाचायची ते सांगते.