ब्रश आणि माउस, दोन्ही हातात धरायचे तर

नाशिकच्या रामकुंडावर सकाळी स्केचिंगला जातोस, ते सोडू नकोस. फक्त नारोशंकराच्या देवळाचा काळा दगड ट्यूबमधल्या काळ्याने रंगवू नकोस. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळ, दगडाला ऊब येते.

पोट मात्र ग्राफिक डिझाइनवरच चालणार. प्रेसला फाइल देताना रंग सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत), फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करूनच पाठव. समोरच्या मशीनवर तुझा फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, मग लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाचं काय होईल देव जाणे! कर्व्ह न केलेली प्रत वेगळी ठेव, दुरुस्त्या येतातच.

‘लोगो काय, पाच मिनिटांचं काम’ म्हणणारे भेटतील. निम्मे पैसे आगाऊ घे. ओळखीच्या काकांकडून तर आधी.