लागलं हेल्परला, झोप उडाली फिटरची

"ताई, ह्यांना साधा ओरखडा पण नाही आला, मग हे असे का वागतात?" प्लांटमध्ये अपघात झाला की महिना-दीड महिन्याने कुणाची तरी बायको माझ्याकडे समुपदेशनाला येऊन हे विचारतेच, म्हणून ही एक केस लिहितेय. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

तुमसरकडचे फिटर, पन्नाशीला टेकलेले. मँगनीजचा दगड फोडून, चाळून, धुऊन माल वेगळा करतात अशा प्लांटमध्ये 22 वर्षं मेंटेनन्सला. आले दोघं पण बोलत होती बायकोच. जेवण नाही, रात्री दोनला उठून ओसरीत बसतात, आणि मिक्सर लावला की ताटावरून उठून बाहेर. "म्हणून मी आता चटणी पाट्यावरच वाटते." ती हे सांगत होती तेव्हा दादा उजव्या हाताची बोटं मोजत होते, अंगठ्याने एकेक, चार झाली की परत पहिल्यापासून.

झालं असं की शटडाउनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना, क्रशरखालच्या (दगड फोडायच्या मशीनखालच्या) बेल्टचा एक रोलर बदलायचा होता. ऑपरेटरला फोन केला, त्याने बेल्ट बंद केला, पण पॅनलचे फ्यूज काढले नाहीत, कुणी परत चालू करू नये म्हणून स्विचला लावतात ते कुलूप नाही, 'काम चालू आहे'चा बोर्ड नाही, कारण काम तर दहा मिनिटांचं. तेवढ्यात शिफ्ट बदलली आणि नव्या ऑपरेटरने ट्रायलला बेल्ट चालू केला. दादांनी बाजूची इमर्जन्सी दोरी ओढली, बेल्ट थांबला, पण ठेकेदाराच्या हेल्परची दोन बोटं गेली ती गेलीच. "मीच त्याले म्हटलं होतं, घाल हात. दोरी ओढाले पण उशीर झाला मॅडम माह्याकडून."

अशा वेळी सगळे म्हणतात, अरे तुझी काहीच चूक नाही. मी म्हणत नाही. 22 वर्षं काम केलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की स्विच बंद म्हणजे मशीन बंद नाही, कुलूप लावायलाच हवं होतं, त्यामुळे असं खोटं समाधान त्याच्या गळी उतरत नाही, उलट तो अजून गप्प होतो.

मी कागदावर एक मोठी भाकरी काढली आणि म्हटलं, ही त्या दिवसाची चूक, वाटा कुणाकुणाला किती ते. ते लगेच म्हणाले, सगळी माझी. मी म्हटलं स्वतःला शेवटी वाढायचं, आधी बाकीच्यांचं पान. मग हळूहळू निघायला लागलं, कुलूप अख्ख्या टोळीत एकच आणि तेही स्टोअरला, सुपरवायझरला चारच्या आत बेल्ट चालू पाहिजे होता, शिफ्टच्या रजिस्टरमध्ये नोंद नाही, रोलरवरची जाळी काढलेली ती कित्येक महिने तशीच. (चौकशीच्या कागदावर मात्र एकच ओळ, कामगाराचा निष्काळजीपणा. हा राग मला अजून आहे.) शेवटी उरला चतकोर. त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "एवढी माही." ती चतकोर मी पुसली नाही.

मिक्सरचं काम घरी दिलं. आधी नुसतं समोर बसायचं, प्लग स्वतःच्या हातात. मग बटण त्यांनीच दाबायचं, दोन सेकंद, मग पाच. महिना उलटून गेला तरी झोप नव्हती आणि तेच दृश्य परत परत डोळ्यांसमोर येत होतं, म्हणून सोबत मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, त्यात कमीपणा काही नाही. जवळ कुणी नसेल तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

हेल्परच्या घरी जायला ते सहा आठवडे टाळत होते. गेले एकदाचे. तिथे त्या हेल्पर पोराला माफीपेक्षा कागदांची घाई होती, कारण ईएसआयत (सरकारी कामगार विम्यात) नाव असेल तर कामावर जाता येत नाही त्या दिवसांचे पगाराच्या 90 टक्के मिळतात आणि गेलेल्या बोटांचं मेडिकल बोर्ड ठरवतं, पण फॉर्म भरून देणारं कुणी नव्हतं. दादा दोनदा त्याच्यासोबत ऑफिसला जाऊन आले.

परत ड्युटीवर गेले ते एका अटीवर, ज्याचं त्याचं वेगळं कुलूप. त्यांच्या कुलपाची किल्ली, बायको हसत सांगत होती, करदोड्याला बांधलीये, आंघोळीलाही काढत नाहीत.