धुळ्यात गच्चीवर लावलेल्या सेजची (स्वयंपाकात वापरतात त्या विलायती सुवासिक झाडाची) खालची पानं पिवळी पडून गळताहेत. ऊन सोसत नाही का? कोणतं खत घालू?

खत कोणतंच घालू नका. आणि उन्हाच्या नावावर बिल फाडू नका. आपल्याकडे काहीही मेलं की ऊन जबाबदार. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशी ओलांडतो हे खरं, पण उन्हाने पान असं मरत नाही. उन्हाने कडा करपतात, पान कुरकुरीत होतं, आणि तेही वरचं, पश्चिमेकडचं. खालची पानं मऊ पडून पिवळी होऊन गळत असतील तर दुखणं पाण्याचं. तुमच्या घरात गच्चीवर पाणी कोण घालतं ते आधी शोधा.

आमच्याकडे सासरे घालतात. अण्णांचा अख्खा जन्म रावेरकडे केळीत गेला. पाणी आणि शेणखत यांनी सुटत नाही असा प्रश्नच त्यांना माहीत नाही. सेजची कुंडी मी मुद्दाम जिन्याच्या पत्र्याखाली ठेवली होती. गौरी-गणपतीला नंदुरबारला माहेरी निघाले तेव्हा बजावून गेले, "अण्णा, या एका कुंडीला हात लावू नका." त्यांनी विचारलं, हे कशातलं झाड? मी म्हटलं, तुळशीच्याच कुळातलं, पुदिनाही त्यातलाच, खोड बघा कसं चौकोनी आहे. झालं! रोज आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरेल ते हिच्या वाट्याला. पावसाचं पाणी झाडाला मानवतं म्हणून कुंडी पत्र्याबाहेर. वरून शेतातली काळी माती दोन ओंजळी, प्रेमाने.

परत आले तर झाडाने मान टाकलेली. माती चिंब आणि पानं लोंबलेली. इथेच लोक फसतात. मुळं कुजली की ती पाणी ओढत नाहीत, मग झाड तहानलेलं दिसतं आणि बघणारा आणखी पाणी ओततो. अण्णांचं निदान तयारच होतं, "त्याले पानी कमी पडनं." मी कुंडी पालथी केली. मुळं तपकिरी पडून घाण मारत होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर पायातून मोजा निघावा तशी वरची साल सुटून आली आणि मागे नुसता दोरा राहिला. तो दोरा अण्णांसमोर धरला. ते म्हणाले, "आपल्या मातीत न येणारं झाड लावायचंच कशाला?" तेव्हापासून हा वाद चालू आहे, आज तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने एकदा लिहूनच टाकते.

सेज मूळची भूमध्य समुद्राभोवतालच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरची. तिकडे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस पडतो हिवाळ्यात. आपलं उलटं. उकाडा सरला नाही तोच पाऊस, आणि ते पाणी धरून बसणारी काळी माती. म्हणजे ऊन तिच्या ओळखीचं आहे, तिला मारतो तो गरम ओलावा. आणि अण्णा, माती बदलता येते. केळीसाठी तुम्ही ठिबक टाकलंतच ना? मग मी कुंडीत वाळू टाकली तर एवढं काय बिघडलं?

आता माझ्या कुंडीत निम्मी जाड वाळू, पाव भाग मुरूम आणि राहिलेल्यात माती नि जुनं कुजलेलं शेणखत. कुंडी मातीचीच, खाली ताटली नाही. स्लॅब तापतो म्हणून दोन विटांवर. बोट दोन पेरं आत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी, पण मग भोकातून वाहीपर्यंत. मार्चपासून दुपारनंतर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी. पावसाळाभर पत्र्याखाली, पण वारा लागेल अशा जागी.

तुमचं झाड गेल्यात जमा असेल तरी शेंडे हिरवे आहेत का बघा. मी तेच केलं. बोटभर शेंडे कापले, खालची पानं खुडली आणि ओलसर वाळूत सावलीला टोचले. साधारण महिना-दीड महिन्यात मुळं धरली. आजची कुंडी त्यातलीच. बियांनी करायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाका, उगवायला दोन-तीन आठवडे लागतात. जुनाट, बिनपानाच्या लाकडावर कात्री चालवू नका, तिथून सहसा फूट येत नाही. तीन-चार वर्षांनी झाड काटकुळं होतंच, तोवर नवी काडी लावून ठेवा.

रोप नर्सरीतून आणलं असेल तर एक पान चुरगळून बघा. सेजचं शास्त्रीय नाव साल्व्हिया, त्याच नावाखाली लाल फुलांचं शोभेचं झाड हातात देतात. खऱ्या सेजचं पान राखाडी-हिरवं, लवदार, आणि वास लपत नाही.

चार पानं तुपात कुरकुरीत करून उकडलेल्या बटाट्यावर टाका, एवढंच सांगते. रोज काढा करून प्यायचं खूळ नको. तिच्यात थुजोन नावाचं, जास्त झालं तर बाधणारं द्रव्य असतं, गरोदर बायकांनी आणि फिट येणाऱ्यांनी तर काढ्यापासून लांबच राहावं.

आणि हो, मे महिन्यात मातीची कुंडी दिवसात सुकते, तेव्हा रोज सकाळी पाणी द्यावं लागतं. ही ओळ मी अण्णांना वाचून दाखवणार नाही.