इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या केअरवर कौन्सिल खर्च करते, त्यावर लक्ष कोण ठेवतं?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: मावशी मिडलँड्समध्ये एकट्या राहतात, कौन्सिलतर्फे (म्हणजे तिथल्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेतर्फे) दिवसातून दोनदा केअरर, म्हणजे घरी येऊन काळजी घेणारी बाई, येते, अर्ध्या तासाऐवजी दहा-बारा मिनिटांत निघून जाते. याचे पैसे कौन्सिल भरते, तर कोणी तपासतं की नाही? आणि केअरच्या नावाने दरवर्षी कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) वाढवतात तो जातो कुठे?

तपासतात. मी त्यातलीच एक. एका कौन्सिलच्या (मावशींच्या नव्हे) ॲडल्ट सोशल केअर विभागात, घरी केअर देणाऱ्या एजन्सींचे करार आणि बिलं बघणं हे माझं काम. त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगते.

भारतातून बघणाऱ्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, फुकट, म्हणून म्हातारपणची सगळी सोय फुकट, असं धरून चालतात. तसं नाही. हॉस्पिटल, डॉक्टर एनएचएसकडे. घरी आल्यावर आंघोळ घालणं, कपडे बदलणं, जेवण देणं, गोळ्यांची आठवण करणं हे कौन्सिलकडे, आणि तिथे तुमची ऐपत बघतात. बचत 23,250 पौंडांच्या वर असेल तर सगळा खर्च तुमचा. 14,250 च्या खाली असेल तर बचतीला हात लावत नाहीत, फक्त उत्पन्न बघतात. (घरीच केअर घेत असाल तर राहतं घर यात धरत नाहीत, केअर होममध्ये गेलात तर धरतात, नवरा-बायको मागे राहत असेल तर सोडून.) वरचा आकडा 2010 पासून जागचा हललेला नाही. तो एक लाखावर न्यायचा आणि माणसाला आयुष्यभरात केअरसाठी 86,000 पौंडांहून जास्त भरावे लागू नयेत, असं बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने 2021 मध्ये जाहीर केलं, पुढच्या वर्षी ते लांबणीवर पडलं आणि जुलै 2024 मध्ये नव्या सरकारने गुंडाळून टाकलं.

आता मावशींची केअरर. बऱ्याच कौन्सिलांत केअररला फोनवरून हजेरी लावावी लागते. घरात केअरची फाइल असते, तिच्या कव्हरच्या आत एक छोटा टॅग चिकटवलेला असतो. आल्यावर फोन त्याला टेकवायचा, जाताना पुन्हा टेकवायचा. माझ्यासमोर येतं ते असं: ठरलेला वेळ 30 मिनिटं, प्रत्यक्ष 13. शेजारी केअररची नोंद: ‘जेवण दिलं, पाणी प्यायला सांगितलं, निघताना सगळं ठीक.’ दहा घरांत हेच वाक्य, अक्षरशः. जेवण म्हणजे मायक्रोवेव्हमधला डबा. वरणभात हवा असेल तर तो कुणीतरी आधी करून ठेवायला हवा.

13 मिनिटांचं बिल 30 मिनिटांचं आलं तर काय, हे करारावर ठरतं. काही कौन्सिल ठरलेल्या वेळेचे पैसे देतात, काही प्रत्यक्ष मिनिटांचे. प्रत्यक्ष मिनिटांचे देणं ऐकायला न्याय्य वाटतं, पण मग एजन्सी तोच फटका केअररच्या पगारातून वसूल करते आणि बाई पुढच्या घराकडे आणखी पळते. मला स्वतःला ठरलेल्या वेळेचे पैसे द्यावेत आणि वारंवार कमी थांबणाऱ्या एजन्सीला जाब विचारावा, हे जास्त पटतं. सरकारी मार्गदर्शनातही म्हटलंय की अंगाला हात लावून करायच्या कामांसाठी 15 मिनिटांची भेट योग्य नाही. पण जाब विचारायला माणसं लागतात, आणि काटकसरीत पहिली कात्री अशाच टेबलांवर चालते.

हे झालं आमच्या पातळीवरचं. वर निवडून आलेले कौन्सिलर. त्यांच्यातला एक कौन्सिलच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे निर्णय घेणाऱ्या छोट्या गटात, केअरचं खातं सांभाळतो, आणि ज्या कौन्सिलांत कॅबिनेट आहे तिथे कायद्यानेच एक स्क्रूटिनी कमिटी असते, जिच्यात कॅबिनेटमधलं कुणी बसू शकत नाही. तुम्ही पुण्याचे असाल तर स्थायी समिती डोळ्यांसमोर आणू नका. ती खर्चाला मंजुरी देते; स्क्रूटिनी फक्त विचारते, शिफारस करते, फार तर कॅबिनेटचा निर्णय फेरविचारासाठी परत बोलावते. बैठकीचे कागद पाच पूर्ण दिवस आधी सर्वांसाठी खुले करावे लागतात. म्हणजे नोकरी सांभाळून कौन्सिलर झालेल्या माणसाच्या हातात आठवड्याभरासाठी जाडजूड गठ्ठा पडतो. त्यातलं केअरचं पान बहुधा एक तक्ता असतो: बजेट इतकं, खर्च इतका, फरक इतका, शेजारी लाल-पिवळा-हिरवा ठिपका. मग दीड तास चर्चा त्या लाल ठिपक्यावर.

माझा आक्षेप इथे आहे. तो ठिपका चुकीच्या जागी आहे.

कारण केअर ॲक्ट 2014 प्रमाणे, ज्याची गरज निकषात बसते आणि ज्याची ऐपत नाही त्याला केअर द्यावीच लागते. ‘पैसे संपले’ हे उत्तर चालत नाही. दुसरीकडे कौन्सिलला रोजच्या खर्चासाठी कर्ज काढता येत नाही, बजेट जुळलंच पाहिजे. ग्रंथालयाची वेळ कमी करता येते, बागेची देखभाल थांबवता येते, केअर नाकारता येत नाही. मग बचत होते कुठे? वेळात. गरजेचं असेसमेंट किती दिवसांत करायचं, याची मुदत कायद्यात नाही; ‘वाजवी वेळेत’ एवढंच. ज्याचं असेसमेंट तीन महिन्यांनी होतं त्याच्यावर तीन महिने खर्च होत नाही. मुद्दाम कुणी असं ठरवतं, असं मी म्हणत नाही. पण सोशल वर्करच्या रिकाम्या जागा भरायच्या नाहीत असं ठरलं की परिणाम तोच. देशभरात असेसमेंट, केअर सुरू होणं किंवा फेरतपासणी यांची वाट बघणाऱ्यांची संख्या 2023 मध्ये चार लाखांच्या वर होती. या काळात त्यांची मुलगी किंवा सून काम सोडून घरी बसते. तो खर्च कुठल्याच तक्त्यात येत नाही.

म्हणून मी कौन्सिलर असते तर पहिला प्रश्न बजेटचा नसता विचारला. रांगेत किती जण, सगळ्यात जुना किती दिवसांपासून, आणि ज्यांची केअर चालू आहे त्यांच्यापैकी किती जणांची फेरतपासणी वर्ष उलटलं तरी झाली नाही, हे विचारलं असतं. फेरतपासणी निदान वर्षातून एकदा व्हावी, अशी अपेक्षा आहे.

पैशाच्या बाजूनेही कौन्सिल कोसळतात, हे खरं. नॉर्थम्प्टनशायर हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथल्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने कलम 114 ची नोटीस काढली. म्हणजे कायद्याने बंधनकारक असलेली कामं सोडून नवा खर्च बंद. त्याच जुलैमध्ये दुसरी नोटीस. थोडेच महिने आधी याच कौन्सिलने 53 दशलक्ष पौंडांचं नवं मुख्यालय उघडलं होतं, ते विकून भाड्याने परत घ्यावं लागलं. सरकारने पाठवलेल्या तपासनीसांनी मत दिलं की केवळ निधी कमी म्हणून हे घडलेलं नाही, खर्चावरचा ताबाच सुटला होता. एप्रिल 2021 मध्ये ती कौन्सिल बरखास्त होऊन तिच्या जागी दोन नव्या आल्या. नंतर क्रॉयडन, थरॉक, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम असे नंबर लागत गेले. प्रत्येकाचं कारण वेगळं, सगळं खापर केअरवर फोडता येणार नाही.

कौन्सिल टॅक्सचं विचारलंत. 2016 पासून केअरसाठी वेगळी वाढ लावायची मुभा आहे, ती बिलावर वेगळी दाखवतात. सध्या ती वर्षाला 2 टक्क्यांपर्यंत लावता येते. 2,000 पौंडांच्या बिलावर 40 पौंड. ते केअरवरच जातात, पण पुरत नाहीत: एप्रिल 2025 मध्ये किमान वेतन तासाला 12.21 पौंड झालं, मालकांना पगारावर भरावी लागणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी (नॅशनल इन्शुरन्स) 15 टक्क्यांवर गेली, आणि एजन्सीचा बहुतांश खर्च पगाराचाच असतो. शिवाय ही वाढ श्रीमंत भागात जास्त पैसे आणते आणि गरीब भागात कमी, जिथे कौन्सिलच्या केअरची गरज जास्त. आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. कौन्सिल कमी दर देते तेव्हा केअर होम तो खड्डा स्वखर्चाने राहणाऱ्यांकडून भरून काढतात. 2017 मध्ये स्पर्धा नियामकाने तपासलं तेव्हा असे लोक सरासरी 41 टक्के जास्त भरत होते.

बाहेरचं लक्ष म्हणाल तर केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी. एजन्सी आणि केअर होम ते आधीपासून तपासायचे. 2023 पासून कौन्सिल आपली केअरची जबाबदारी कशी पार पाडते, हेही तपासून शेरा देतात. मावशींच्या एजन्सीचा आणि कौन्सिलचा, दोन्ही शेरे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतील. एजन्सीचा अहवाल उघडलात तर आधी तारीख बघा. बरेचदा ‘चांगली’ हा शेरा पाच वर्षं जुना असतो आणि मधल्या काळात मॅनेजर दोनदा बदललेला असतो.

आता तुम्ही काय करायचं. मावशींचा केअर प्लॅन लेखी मागा. त्यात भेटीची वेळ लिहिलेली असते. मग कौन्सिलकडे महिन्याभराच्या प्रत्यक्ष वेळांची नोंद मागा. एजन्सीशी भांडत बसू नका, कौन्सिललाच लिहा, कारण केअर दुसऱ्याकडून करून घेतली तरी कायद्याची जबाबदारी त्यांच्यावरच राहते. ‘केअरर लवकर जाते’ असं मोघम नको. ‘अमुक आठवड्यात ठरलेल्या वेळेपैकी इतकी मिनिटं मिळाली, आंघोळ इतक्यांदा चुकली’ असं लिहा. अशी तक्रार माझ्यासारखीच्या टेबलावर येते तेव्हा ती बाजूला सारता येत नाही. साधारण 12 आठवड्यांत धड उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा. फी नाही, वकील लागत नाही, पण गोष्ट कळल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. मावशींना स्वतः लिहायचं नसेल तर त्यांच्या संमतीने तुम्ही तिकडे बसूनही करू शकता.