वळणाची रेघ मारताना

घरी बांधलेल्या विमानाच्या बाजूला लाटेसारखी रंगाची पट्टी मारायची म्हणतोस, मार की. पण तो कागदी मास्किंग टेप आधी ठेवून दे. वळणावर त्याला चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणीखालून रंग झिरपतो. व्हिनाइलचा फाइनलाइन टेप घे, 3 मिमीचा. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांकडे गाड्या रंगवणाऱ्यांना विचार.

टेप बोटाबोटानं चिकटवत जाऊ नकोस. एक टोक दाब, रोल हातभर लांब धर, नजर पुढं जिथं पोचायचंय तिथं, आणि हात खांद्यातून फिरव. दुसऱ्या हाताचा अंगठा मागून दाबत येऊ दे. ताणू मात्र नकोस, ताणलेला टेप आखडतो. माझ्या पहिल्या विमानाला संध्याकाळी टेप लावून घरी गेलो. सकाळी शेडात बघतो तर रेघ वळणाच्या आत सरकलेली! मागं जाऊन, एक डोळा मिटून रेघेच्या अंगानं बघ. गाठ दिसली तर तेवढाच तुकडा नको, लांबवर सोडवून पुन्हा लाव.

मग टेपच्या कडेवर खालच्याच रंगाचा पातळ हात दे. फट त्यानंच बुजते. त्यावर पट्टीचा रंग मार, आणि तो जरा चिकट असतानाच टेप उलटा दुमडून, सावकाश ओढ.

पावसाळ्यात हे काम काढू नकोस, इथली दमट हवा रंगाची चमक मारते. आणि पट्टी एलेव्हेटर-रडरवर, म्हणजे शेपटीच्या हलणाऱ्या फळ्यांवर गेली, तर त्यांचा बॅलन्स पुन्हा तपास. रंगालाही वजन असतं बाबा, फ्लटर, म्हणजे उडताना त्या फळ्यांची जोरात थरथर, तिथूनच सुरू होऊ शकतो.