शिमग्याच्या चांदण्यापासून गणपतीपर्यंत

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं आणि आजोबांच्या कागदाचा फोटोही. आधी चष्म्यातून पाहिला, मग भिंग घेऊन बसलो. पोर्तुगीज मजकूर, खाली गोल शिक्का, आणि आठ घड्या घालून इतकी वर्षं ट्रंकेत ठेवल्यामुळे विरलेला कागद. गोवा मुक्तिसंग्रामातली अटक मार्च १९५५ ची, तेवढं वाचता येतं. सुटकेची तारीख नेमकी घडीवर होती, ती गेली. स्वातंत्र्यसैनिक सन्मान वेतनाच्या अर्जात कारावास किती लिहायचा, तर तालुक्याला कुणी तुला सांगितलं की अट सहा महिन्यांची आहे, सहा महिने लिहून टाक, सत्तर वर्षांनी कोण मोजायला बसलंय. आणि तू विचारतेस, लिहू का?

नको लिहूस. का ते सांगतो. हे मी सहसा कुणाजवळ बोलत नाही.

नोकरीत असताना आमच्या भागातल्या एका वृद्ध गृहस्थांचा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. तेही तुझ्या आजोबांसारखेच गोव्यासाठी पोर्तुगिजांशी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलातले. साडेचार महिने तुरुंगात, आणि त्याआधी वॉरंट निघाल्यावर दोनेक महिने रानात लपून काढलेले. ते मला दोन्ही वेगवेगळं सांगत होते. मी म्हटलं, दादा, मिळून सहा महिने होतातच, सरळ ‘सहा महिने कारावास’ लिहू, वाचणाऱ्याला सोपं. त्यांनी माझ्या भरवशावर सही केली. पुढे तुरुंगाची नोंद सापडली, साडेचार महिन्यांची. अर्जावर शेरा पडला की अर्जदाराची माहिती विश्वासार्ह नाही. मग त्यांच्या वॉरंटकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. दोन वर्षांनी ते गेले. त्यांनी भोगलेल्या खऱ्या दिवसांवर माझ्या एका ओळीने पाणी फिरलं. ती ओळ मला अजून रात्री आठवते.

तेव्हा आधी फॉर्म बाजूला ठेव. दिवेलागणीनंतर आजोबा पडवीत बसतात तेव्हा वही घेऊन शेजारी बस. तारीख विचारू नकोस. त्या पिढीला तारखा आठवत नाहीत. सण आठवतो, पाऊस आठवतो, तेव्हा कुणाचं लग्न ठरलं होतं ते आठवतं. मागे मी भेटायला आलो तेव्हा ते सहज बोलून गेले, तू चहा करायला आत गेली होतीस. म्हणाले, “शिमग्याच्या चांदण्यात आमची होडी धरल्यानी. आणि मी घराक इलंय तेव्हा गणपती माटवीखाली बसललो.”

आता पंचांग काढ. १९५५ साली भाद्रपद अधिक होता, म्हणून गणपती उशिरा, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आले. होळीची पौर्णिमा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. एरवी शिमगा ते गणपती हे अंतर साडेपाच महिन्यांचं असतं, त्या वर्षी ते सहाच्या पुढे गेलं. जे तू डोळे मिटून लिहायला निघाली होतीस ते कदाचित खरंच असेल. पण नुसतं ‘सहा महिने’ लिहिलंस तर ते ठोकून दिल्यासारखं दिसेल. आजोबांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिही आणि पंचांगाची पानं जोड. गणपती बसून किती दिवस झाले होते, तेही विचार. सुटल्यावर घर गाठायला दोन दिवस लागले असतील, तर ते दोन दिवस वजा कर. वजा करून कमी भरले तरी तेवढेच लिही.

आणखी एक धागा आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवर वीसहून जास्त माणसं मेली. मी तेव्हा लहान होतो. बांद्याच्या रस्त्याने जखमींना आणताना पाहिलं, आणि आईने मला घरात ओढून दार लावलं. आजोबांना ती बातमी कुठे कळली ते विचार. आग्वादच्या तुरुंगाच्या भिंतीआड कळली असेल, तर कुणी सांगितली, सांगणारा कुठल्या गावचा होता, तेव्हा खोलीत अजून कोण होतं? एवढ्या उत्तरावरून ऑगस्टात ते आत होते हे दिसतं, आणि बरोबरच्या कैद्यांची नावं मिळतात. सहबंद्याचं प्रमाणपत्र आता कुणाकडून मिळेल अशी आशा फार नाही. पण त्या नावांवरून त्यांच्या फायली शोधता येतात, आणि एखाद्या फायलीत आजोबांचंही नाव असतं.

तुझ्या काकांना वाटतं की आझाद गोमंतक दलाचा उल्लेख टाळावा, कारण ते हत्यारबंद होते. हे साफ चूक आहे. गोवा मुक्तिसंग्राम हा मान्यताप्राप्त लढा आहे, आणि आझाद हिंद सेनेच्या सैनिकांनाही याच योजनेतून सन्मान वेतन मिळालं. हीच दलाची माणसं १९५४ साली दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात होती. आजोबा रात्री तेरेखोलच्या खाडीतून काय नेत होते ते त्यांना सांगू दे, आणि सांगतील तसं उतरून घे.

कागद कुठे शोधायचे, तर ओरोसच्या जिल्हा कचेरीत जाऊन ‘इथे काही नाही’ ऐकून परत येऊ नकोस. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. १९५५ साली आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो आणि राज्य होतं मुंबई. जुनी दप्तरं रत्नागिरीला विचार. पणजीला पुराभिलेख खात्यात अर्ज दे, पण आडनाव आपल्या स्पेलिंगने देऊन थांबू नकोस. पोर्तुगीज ‘श’ला एक्स लावत, ‘क’ला सी नाहीतर क्यू. प्रभूचं ‘पोरोबो’ होई, शेणईचं ‘सिनाय’. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव, तिन्ही चार-पाच प्रकारे लिहून दे. नोंद सापडलीच नाही, तर अभिलेख उपलब्ध नसल्याचा दाखला लेखी माग. तोंडी ‘नाही’ला किंमत नाही. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरात जुनी वर्तमानपत्रं आहेत का तेही पाहा.

केंद्राची योजना १९७२ ची, १९८० साली वाढवलेली. अट किमान सहा महिने कारावासाची. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिन्यांची. राज्याचं निवृत्तिवेतन वेगळं, ते २०२२ साली दहा हजारांवरून वीस हजार झालं. उशीर झाला म्हणून कुणी अर्ज घेईना, तर मुकुंदलाल भंडारी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निकाल दाखव. केवळ मुदत टळली म्हणून अर्ज नाकारू नये, लाभ अर्जाच्या तारखेपासून द्यावा, असं त्यात आहे. म्हणून अर्ज आधी दाखल कर, पोच घे, आणि बाकीचे कागद मागाहून जोडत राहा. गुरदयाल सिंग खटल्यात २००१ साली याच न्यायालयाने सांगितलं की असे दावे शक्याशक्यतेवर तोलावेत, फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मागू नये. फाटलेला कागद, पंचांग, आजोबांची जबानी आणि पणजीचा दाखला, हे सगळं तोलात धरलं जातं. त्यात एकच वाढवलेला आकडा असला तर बाकीचंही हलकं पडतं.

आजोबांना कचेरीच्या खिडकीपुढे उभं करू नकोस. वय झालंय, आणि “पुरावा काय?” हे वाक्य त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकावं असं मला वाटत नाही. अधिकारपत्र करून घे आणि तू जा. हजर राहावंच लागलं, तर आधी फोन करून वेळ माग, गाडीने ने, आणि घरून निघताना त्यांना त्यांची टोपी घालू दे.

त्या कागदाला सेलोटेप लावू नकोस. कालांतराने ती पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन जाते. दोन काचांत ठेव आणि उजेडाला धरून पुन्हा फोटो काढ. घडीजवळ आकड्याचा एक पाय दिसल्यासारखा वाटतो, तो नऊचा आहे की चाराचा, मला फोटोत समजेना.

रविवारी सकाळच्या एसटीने मी येतो. शके १८७७ चं पंचांग माझ्याकडे आहे, त्यात गणपती सापडतील. होळी मात्र पाडव्याआधीची, म्हणजे १८७६ च्या पंचांगातली. ते तुमच्या भटजींकडे असेल, त्यांच्या वडिलांना जुनी पंचांगं जपायची सवय होती. तेवढं विचारून ठेव.

तुझा,
मास्तरकाका