तेर्साच्या, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेच्या प्रार्थनेच्या, वेळी रोज तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणतात, मग ती देवाशी मैत्री कशी?

हो, ती मैत्रीच, कारण ओठांवर 'नमान मोरिये' ही मरियेला उद्देशून म्हणायची प्रार्थना चालू असताना मन येशूच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगापाशी बसलेलं असतं. दहा मण्यांना एक प्रसंग, असे पाच. जवळच्या माणसालाही आपण रोज तेच विचारतो ना, जेवलास का, कधी आलास? याचा आधार बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात आहे: शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना म्हणतो, आता मी तुम्हाला दास नाही, मित्र म्हटलं आहे. 16व्या शतकातल्या आव्हिलाच्या संत तेरेसा तर प्रार्थना म्हणजे मित्राशी एकांतातलं बोलणंच मानतात. इथे गोव्यातल्या बार्देशात तेर्स संपल्यावर एखादी आजी आल्तारासमोर (वेदीसमोर) तशीच बसून राहते आणि बोटीवर गेलेल्या मुलापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं हळू आवाजात कोकणीत सांगते. मला ती मैत्री तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते. मात्र ही बरोबरीची दोस्ती नव्हे. त्याच अध्यायात आधीच्याच ओळीत अट आहे: मी सांगतो ते कराल तर तुम्ही माझे मित्र. आणि त्याचं सांगणं आहे, एकमेकांवर प्रीती करा.